मी न पाहिलेले तळे

हूफडॉर्प

आम्ही राहतो ते गाव एका तळ्याच्या तळाशी वसलेले आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी येथे इतके पाणी होते, की वादळात त्याच्या लाटा थेट ॲमस्टरडॅमच्या वेशीवर जाऊन आदळत. डच लोकांनी भोवताली बांध घातला, पाणी उपसून काढले, आणि उघड्या पडलेल्या तळावर आधी शेते केली व कालांतराने आमच्यासारख्यांची विटांची, एका ओळीतली घरे. या गावात चढ म्हणायचा तो फक्त कालव्यावरच्या पुलाचा. सायकलीवरून जाताना समोर भेटतो तो वारा. डोंगराचा येथे प्रश्नच येत नाही. इतकी वर्षे अशा भूमीवर काढल्यावर माणसाला एक सवय लागते. कोणी अंतर सांगितले की किती वेळ लागेल हे त्याला आपोआप कळते, आणि हे दोन्ही एकच आहेत अशी त्याची समजूत होऊन बसते. माझी तशी झाली होती, हे मला आल्प्समध्ये जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

साल दोन हजार एकवीस. आदल्या हिवाळ्यात माझी पत्नी वृंदा कोविडने आजारी पडली आणि काही दिवस तिला इस्पितळात प्राणवायूवर ठेवावे लागले. मला आत जाण्याची परवानगी नव्हती. मी रोज सायकलने इस्पितळापर्यंत जात असे, तिची खिडकी कोणती असेल याचा अंदाज करीत उभा राहत असे आणि परत येत असे. ती घरी आली, याबद्दल कोणाचे आभार मानावेत हे मला आजही नीटसे समजत नाही. म्हणून मी ते सगळ्यांचेच मानतो.

घरी आल्यावर मात्र जिने तिला जड जाऊ लागले. वृंदा येथल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर डच भाषेतून परीक्षा देऊन तिने ती नोकरी मिळवली होती. मुख्याध्यापिकांनी अतिशय सौजन्याने विचारले होते, की सुट्टी संपण्यापूर्वी काय ते कळवा. परत येणार असाल तर उत्तम, नसाल तर तेही आम्ही समजू शकतो. त्यांच्या बोलण्यातल्या त्या दुसऱ्या भागाने वृंदाची झोप गेली होती.

ज्या फिजिओथेरपिस्टकडे ती जात असे, त्याच्या व्यायामाच्या सायकलीसमोर भिंतीवर एक मोठे छायाचित्र होते. ऑस्ट्रियातल्या टिरोलमधले एक तळे, मागे कडे, काठावर एक पडलेले झाड. आठवड्यातून दोनदा ती त्या तळ्याकडे पाहत सायकल मारीत असे आणि पोहोचत कोठेच नसे. एके दिवशी तिने ते तळे कोणत्या गावाजवळ आहे, हे विचारून घेतले.

मग योजना आखणे माझ्याकडे आले. आयुष्यभर संगणकाच्या प्रकल्पांची वेळापत्रके केलेला माणूस मी. पोटमाळ्यावरच्या माझ्या घरबसल्या कचेरीत मी नकाशा लावला, रोजची एक पदयात्रा ठरवली आणि प्रत्येकीपुढे किलोमीटर लिहिले. हॉलंडमध्ये सायकलीच्या वाटांवर क्रमांकांचे खांब असतात. एका क्रमांकावरून दुसऱ्यावर जात राहिले की माणूस चुकत नाही. मी त्याच पद्धतीने आल्प्सचे टप्पे पाडले. आमची मुलगी ईरा सोळा वर्षांची. ती माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, इट्स अ माउंटन. नॉट द फीट्सपाड टू स्कूल." फीट्सपाड म्हणजे सायकलीची वाट. मी हसलो. तरुणपणी दर रविवारी सिंहगड चढलेल्या माणसाला डोंगर शिकवणारी ही कोण, असे मनात आले. ते रविवार तीस वर्षे जुने झाले होते, हे मात्र मनात आले नाही.

वाल्स

सरावासाठी मे महिन्यात आम्ही मास्ट्रिख्टच्या पलीकडे, देशाच्या दक्षिण टोकाला गेलो. तेथे वाल्स गावाजवळ, जिथे तीन देशांच्या सीमा मिळतात, एक टेकडी आहे. डच लोक तिला मनापासून पर्वत म्हणतात. आपल्याकडे तिच्यावर फार तर एखादी पाण्याची टाकी बांधली असती. वृंदा ती टेकडी थांबत थांबत, मास्क हनुवटीवर ओढून चढली. वर पोहोचल्यावर ती बाकावर बसली. मी खिशातून ऑक्सिमीटर काढून तिच्या बोटाला लावला. त्या वर्षभरात हे यंत्र आणि माझा उजवा खिसा एकमेकांपासून दूर झाले नव्हते.

"एक सांगू?" ती म्हणाली. "त्या तळ्यापर्यंत माझी मी चालत गेले, तर शाळेला हो कळवीन. नाही जमलं तर नाही कळवीन. मग कुणी मला समजवायला यायचं नाही."

मी मान डोलावली. एवढ्या मोठ्या निर्णयाला एक तळे कसे काय पुरेल, असा प्रश्न मला पडला होता. पण तो विचारण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे तरी त्या वेळी कळले. आपले बोट सोडवून घेत ती म्हणाली, "आणि हे माझं बोट परत द्या आता."

गाव

जुलैच्या अखेरीस आम्ही गाडीने निघालो. वृंदाच्या आणि माझ्या लशी झाल्या होत्या, ईराची चाचणी झाली होती, आणि ते सगळे फोनमधल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत बंदिस्त होते. डच लोक ऑस्ट्रियाला जाताना घरून बटाटे आणि चीज नेतात म्हणून सगळे युरोप त्यांना हसते. आमच्या गाडीत भाजणी, मेतकूट, पोहे आणि प्रेशर कुकर असल्यामुळे आम्हाला हसण्याची सोय उरली नव्हती.

तळ्याजवळच्या त्या गावात आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीण रोझाबाई साठीच्या पुढच्या, रुंद हातांच्या आणि हळू बोलणाऱ्या. ईराला शाळेत शिकलेले जर्मन येत असल्यामुळे ती आमची दुभाषी झाली. पहिल्या संध्याकाळी वृंदाने त्यांना थालीपीठ दिले. त्यांनी ते उलटून पाहिले, मधल्या भोकांचे कारण विचारले, आणि तेल सोडायला ती असतात हे ऐकून समाधानाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी घरच्या जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आमच्या दाराशी होती. थालीपीठ आणि जर्दाळूचा मुरंबा हे एकत्र खाण्याचे धाडस फक्त ईराने केले, आणि पुढे आठवडाभर दुसरे काही मागितले नाही.

रोझाबाईंनी त्या प्रदेशाची एक रीत सांगितली. खाली गावात अनोळखी माणसाला 'आपण' म्हणायचे. पण हजार मीटरच्या वर गेले, की सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. डॉक्टर असो, मंत्री असो, गवळी असो. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, की वर कोणाला कोणाचा हात धरावा लागेल सांगता येत नाही. वृंदाने हे ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. लग्न झाल्यापासून ती मला 'अहो' म्हणत आली आहे.

"मग वर गेल्यावर मी यांना तू म्हणणार," तिने जाहीर केले. ईराने ते जर्मनमध्ये सांगितले तेव्हा रोझाबाई टेबलावर हात आपटून हसल्या.

पहिली पदयात्रा एका धबधब्याची होती. माझ्या कागदावर ती सहज होती: हूफडॉर्पहून शेजारच्या गावाच्या बाजाराला जाऊन यावे, एवढेच अंतर. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी होती आणि तिच्यावर किलोमीटर लिहिलेलेच नव्हते. तेथे तास लिहिले होते, आणि तेही माझ्या हिशेबाच्या दुपटीहून अधिक. "ही वेळ म्हाताऱ्यांसाठी असणार," असे मी म्हणालो आणि पुढे झालो. त्या देशात डोंगरावर कोणी अंतर विचारीत नाही, कारण उभ्या वाटेवर अंतराला काही अर्थ नसतो, हे समजायला मला अर्धा दिवस लागला. समजले तेव्हा वृंदा वाटेकडेच्या एका ओंडक्यावर बसली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती मला काही होत नाही असे हाताने सांगत होती. धबधब्याचा आवाज ऐकू येत होता. आम्ही तेथूनच परतलो.

त्या रात्री तिला शांत झोप लागली. मला नाही.

पाण्याची टाकी

यानंतर मी जे केले ते लिहिताना संकोच वाटतो. मी कोणाला न सांगता योजना बदलली. तळ्याच्या वाटेच्या पाटीवरचे तास पाहून आलो आणि घाबरलो. मग नकाशावर मला दुसरा निळा ठिपका दिसला: पाळण्याने, म्हणजे रोपवेने, डोंगरमाथ्यावर जायचे, तेथून सपाट रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "आज तळ्याला जाऊ." कोणत्या, ते सांगितले नाही. खोटे एक अक्षरही बोललो नाही, याचे मला तेव्हा बरे वाटले होते. खोटेपणाची ही जात मला फार सहज जमते, हे मी आता जाणतो.

पाळण्यात मास्क लावून आम्ही वर गेलो. रस्ता खरोखर सपाट होता. इतका की आमच्या पुढेमागे सगळ्या बाबागाड्या. वृंदा एका बाळाला वाट देताना म्हणाली, "या रस्त्यावर आपण तिघंच मोठे दिसतोय." पाण्यापाशी पोहोचलो. निळेशार, स्वच्छ, भोवती दूरवर हिमशिखरे. मी कॅमेरा काढला. वृंदा काठावर उभी राहून पाण्याऐवजी काठाकडेच पाहत होती. काठ एका उताराचा, एका रेषेतला. कडेला काळ्या प्लास्टिकची किनार बाहेर आलेली.

ईराने फलक वाचला. "बाबा, धिस इज नॉट अ लेक. हिवाळ्यात खोटा बर्फ करायला पाणी साठवतात. इट्स अ टँक."

"मला दिसलं ते," वृंदा म्हणाली. "आपण बांधाच्या आत राहतो. माणसानं केलेला काठ मला ओळखता येतो." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "मी बरी होते तेव्हा तुम्ही मला विचारायचात. आजारी पडले तेव्हा विचारायची सोय नव्हती, ते ठीक. आता कधीपासून विचारणार?"

मी म्हणालो, की चुकलो. ती म्हणाली, की भूक लागली आहे. टाकीच्या काठावर बसून आम्ही मेतकूट-लोणी लावलेल्या पोळ्या खाल्ल्या. शेजारच्या बाबागाडीतले मूल ईराकडे पाहून हसत होते, आणि वृंदाही थोडी हसली. पण माझ्याकडे पाहून नव्हे.

संध्याकाळी तिने माझा नकाशा स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला, रोझाबाईंना बोलावले आणि ईराला मधे बसवले. मला खुर्ची मिळाली, मत मिळाले नाही. त्या तिघींनी जी योजना केली तिच्यात किलोमीटर नव्हते. सकाळी उजाडताच निघायचे. दमण्याची वाट न पाहता बसायचे; आधी बसले की दमणे लांबते, असे रोझाबाईंचे म्हणणे. वाटेत आल्म लागते, म्हणजे उन्हाळ्यात गाई चरायला नेतात ते उंचावरचे कुरण आणि तिथली लाकडी खोपी; तिथे खायला मिळते. पुढे जायचे की नाही, ते तिथे बसून ठरवायचे. गावात बसून नव्हे. दोन दिवस विश्रांती घेऊन मगच निघायचे. नोकरीच्या आयुष्यात मी इतकी साधी योजना पाहिली नव्हती.

आल्म

आम्ही निघालो तेव्हा गवतावर दव होते आणि घंटांचा आवाज गाई दिसण्याआधी येत होता. वृंदा पुढे, हातात काठी. ईरा तिच्या पुढे. मी सगळ्यांत मागे. येणारा-जाणारा प्रत्येक जण आम्हाला अभिवादन करी. वृंदा प्रत्येकाला "नमस्कार" म्हणे, आणि तो त्यांना पुरत असे. ती ठरल्याप्रमाणे बसत होती. दगडावर, ओंडक्यावर, एकदा थेट गवतात. बसली की पाणी प्यायची, फुलांची नावे ईराला विचारायची, ईराला ती येत नसत, मग दोघी मिळून ठेवायच्या. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तो जड होता. पण त्याला एक लय होती.

मी तिच्या टाचांकडे पाहत चालत होतो. कोठे तोल जाईल, कोठे धरावे लागेल, याच विचारात. त्यामुळे एका ओल्या मुळावर पाय पडला तो तिचा नव्हे, माझा. मी पडलो नाही. गुडघा मात्र आतून मुरगळला. कोणाला कळू न देता तसाच चालत राहिलो. आल्मवर पोहोचून बाकावर बसलो आणि पुन्हा उठता येईना. विजार वर केली तेव्हा गुडघा कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता.

खोपीतल्या माणसाने एकदा माझ्याकडे आणि एकदा गुडघ्याकडे पाहिले, आतून गार पाण्यात भिजवलेले फडके आणून दिले आणि न विचारता समोर एक पेला ठेवला. ताक. चक्क ताक, किंचित जाडसर, आंबूस, गार. मीठ-जिरे नव्हते एवढाच फरक. परक्या डोंगरावर, अनोळखी हाताने दिलेले ताक पिताना माझे डोळे भरून आले. गुडघ्यामुळे आले असे सर्वांनी समजून घेतले.

वृंदा वाटेच्या वरच्या भागाकडे पाहत होती. तेथून चढ आणखी उभा होत जात होता. मी म्हणालो, "आता परत फिरू या. इथवर आलीस, हेच खूप झालं."

तिने ऐकून घेतले. पाण्याची बाटली भरली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तू इथेच बस. आम्ही जाऊन येतो."

ईराने चमकून आईकडे पाहिले. मी खिशातून ऑक्सिमीटर काढून पुढे केला. वृंदाने तो घेतला, टेबलावर माझ्या पेल्याशेजारी ठेवला, आणि दोघी निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत मला तिचा निळा सदरा दिसत होता.

त्या पुढच्या वेळाचे वर्णन प्रवासवर्णनात शोभेल असे नाही. मी बसलो होतो. फोनला तिथे नेटवर्क नव्हते. गाई आल्या, बाकाला अंग घासून गेल्या. काही डच कुटुंबे आली, मोठमोठ्याने बोलली, फाडलेल्या गोड धिरड्यासारखा एक पदार्थ प्लमच्या सॉसबरोबर खाऊन निघून गेली. दुपारनंतर कड्यांमागे ढग जमू लागले. मी ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावून पाहिला; प्राणवायू उत्तम होता, नाडी मात्र डोंगर चढणाऱ्यासारखी धावत होती. इस्पितळाबाहेर मी असाच उभा राहत असे. तेव्हा मला वाटत असे, की मी वृंदासाठी तेथे उभा आहे. त्या बाकावर बसून कळले, की ती आत एकटीच आपले काम करीत होती, श्वास घेण्याचे. आणि माझे उभे राहणे मला स्वतःला ते सगळे सोसवावे म्हणून होते. त्यात वाईट काही नव्हते. पण घरी आल्यावरही मी उभाच राहिलो होतो, तिच्या आणि वाटेच्या मधे.

ढगांचा पहिला गडगडाट झाला तेव्हा मी टेबलाला धरून उठलो. दोन पावले टाकली. खोपीतल्या माणसाने मान हलवली आणि बाकाकडे बोट केले. मी पुन्हा बसलो.

त्या आल्या तेव्हा आधी ईराचे बोलणे ऐकू आले, मराठीत. इतकी वाक्ये ती सलग मराठीत बोलते, हे मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. वृंदा हळूहळू उतरत होती, काठी आधी टेकवून, मग पाऊल. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. ती बाकावर माझ्याशेजारी बसली. मी काही विचारले नाही. तेवढे तरी शिकलो होतो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "फोटोत आहे तसं निळं नाहीये ते. काळसर आहे. पार तळाचे दगड दिसतात. ते पडलेलं झाडही आहे, पण अर्धं बुडालंय. आणि इतकं थंड, की ईराने पाय घातला आणि किंचाळली."

"आई पण किंचाळली," ईरा म्हणाली.

"मी रडले," वृंदा म्हणाली. "ते वेगळं."

मी तिला बोलू दिले. तिने वारा सांगितला, काठावरची पिवळी फुले सांगितली, पाण्यावरून सरकणारी ढगांची सावली सांगितली. मग म्हणाली, "शाळेला मी तीन दिवस सांगणार आहे. पाच नाही. वर पोचले खरी, पण मधे किती वेळा बसले ते मला माहितीये. आठवड्यालाही तसंच मधे बसायला हवं."

हो किंवा नाही, या दोनच उत्तरांची भीती मी इतके महिने बाळगली होती. हे तिसरे उत्तर तिने स्वतः वर चालत जाऊन आणले होते. चार दिवस का नाहीत, असा प्रश्न माझ्या ओठांशी आला, सवयच ती. मी उरलेले ताक पिऊन टाकले.

खोपीतला माणूस चीजचे गोल खाली गावात पोहोचवायला जीप काढीत होता. पुढे एकच जागा रिकामी होती. त्याने आमच्याकडे पाहिले, वृंदाच्या लाल चेहऱ्याकडे पाहिले आणि तिच्यासाठी दार उघडले. तिने हसून माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवले. मी लंगडत जाऊन बसलो. मागे चीज, पुढे मी. वाटेवर पावसाचे दोन-चार थेंब पडू लागले होते. वृंदाने टोपी घातली, काठी उचलली, ईराला हाक मारली आणि उतरू लागली. जीप त्यांच्याशेजारून गेली तेव्हा मी काच खाली करून हात हलवला. ईराने हलवला. वृंदाचे लक्ष पायाखालच्या वाटेकडे होते. ते तेथेच राहू दे, एवढेच मी मागितले, आणि काच वर केली.